उरलेलं दार

आभाळातून एक धोंडा पृथ्वीच्या अगदी जवळून जाणार, अशी बातमी आली आणि त्या वसाहतीत शहाण्यांचं अमाप पीक आलं. शास्त्रज्ञ टीव्हीवर घसा कोरडा करून सांगत होते, की हा लघुग्रह आहे, चंद्राच्याही बराच अलीकडून जाणार आहे, पण जाणार आहे, पडणार नाही. वाक्यातलं शेवटचं 'नाही' ऐकू यायच्या आत आपल्या माणसांनी चार फोन लावलेले असतात. औषधवाल्याकडचा कापूस दोन दिवसांत संपला. कानात बोळे घालून धोंडा कसा चुकवणार, हे त्याला कुणी विचारलं नाही आणि ऐन धंद्यात त्यानेही शहाणपण शिकवलं नाही. न्हाव्याकडे रांग लागली, कारण जगबुडी आली तरी माणूस नीटनेटका असलेला बरा. दहा वर्षं अबोला धरलेल्या दोन जावा एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, आणि बोलणं सुरू झाल्यावर तिसऱ्याच दिवशी पुन्हा भांडल्या.

रिटायर मास्तर तेवढे खरे शहाणे. त्यांनी मैदानात लोकांना जमवलं आणि एका हातात संत्रं, दुसऱ्या हातात मोहरीचा दाणा धरून सगळं समजावून सांगितलं. सांगता सांगता दाणा चिमटीतून निसटला आणि गवतात गेला तो गेलाच. मास्तर हसले. बाकी कुणी हसलं नाही.

त्यातच नगरपालिकेचं पत्रक आलं. गुरुवारी दुपारी चार वाजून सतरा मिनिटांनी हा धोंडा सगळ्यांत जवळ असेल, तेव्हा जमिनीला हलकी थरथर जाणवण्याची शक्यता आहे, दारं चौकटीत अडकू नयेत म्हणून ती उघडी ठेवावीत, आणि जमल्यास मोकळ्या जागी थांबावं. एवढंच. पण वसाहतीचा सेक्रेटरी म्हणजे यादी करायला मिळाली की जेवण विसरणारा माणूस. त्याने सभा बोलावली. उघडी दारं वाऱ्याने आपटून बंद झाली तर? बंद झालेली अडकली तर? कुणीतरी म्हणालं, मग दारं काढूनच ठेवा की. ते बिचारं चेष्टेने म्हणालं होतं, पण सेक्रेटरीने ते लिहून घेतलं. लिहिलेलं खोडायचं नाही हा त्याचा बाणा, त्यामुळे बावन्नच्या बावन्न घरांची पुढची दारं काढून मैदानापलीकडच्या गोदामात ठेवायचं ठरलं.

काम अर्थातच ताई आणि धाकट्याकडे गेलं.

ही दोघं बहीणभाऊ, दोघंही सुतार. बाप सुतार होता, त्याने मुलगी-मुलगा न बघता ज्याच्या हाताला वळण होतं त्याला हत्यार दिलं, आणि वळण ताईच्या हाताला होतं, तेही डाव्या. ती आता अठ्ठावन्नची, धाकटा एक्कावन्नचा. आई लवकर गेली, तेव्हा ताईनेच त्याला वाढवलं, आणि वाढवणं अजून संपलेलं नाही असा तिचा समज होता. ती एकतीस नंबरात एकटी राहायची, तो बायकोबरोबर बत्तीसात. मधे एक भिंत. रोज सकाळी ताई मोगरीने त्या भिंतीवर तीन ठोके मारायची, दोन हलके, एक जोरात. म्हणजे ऊठ, चहा झालाय. धाकट्याच्या घरात गजराचं घड्याळ कधी आलंच नाही.

वसाहतीत त्याला सगळे धाकटाच म्हणत. मूळ नाव मतदार यादीत असेल.

दार काढायचं काम एकट्याचं नव्हे. जुनी जड दारं, दोन-दोन बिजागऱ्या, प्रत्येक बिजागरीत एक पिन. पिन ठोकून वर काढली की दार सुटतं, आणि सुटलं की ते कुणाच्यातरी अंगावर येतं. म्हणून एकाने दार तोलून धरायचं आणि दुसऱ्याने पिना काढायच्या. पिना ताईच्या, तोल धाकट्याचा. ती विचारायची, "धरलंस?" तो म्हणायचा, "धरलंय." मग तिची मोगरी पडायची, तशीच, दोन हलके, एक जोरात. आणि शेवटी ती म्हणायची, "सोड." ती 'सोड' म्हणेपर्यंत धाकटा दार सोडायचा नाही, मग खांद्यातून कळ येवो की माशी नाकावर बसो. कारण सतरा वर्षांचा असताना एकदा त्याने आधीच सोडलं होतं. दार ताईच्या डाव्या पायावर पडलं, आणि तेव्हापासून ती लंगडत चालायची. त्यावरून ती त्याला कधी बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला चौतीस वर्षं वाटत आलं होतं.

बापाचे दोन नियम ती पाळायची. पहिला, नंबर दोन हातांनी टाकायचा. चौकटीवर धाकटा लिहायचा, दाराच्या माथ्यावर ताई, म्हणजे एक चुकला तर दुसऱ्याच्या हातून सापडतो. धाकट्याचे आकडे सरळ, ताईचे डाव्या हाताचे, मागे रेललेले. दुसरा नियम म्हणजे, काढलेलं दार आपल्याच चौकटीत परत गेलं पाहिजे. बाप म्हणायचा, उरलेलं दार म्हणजे कुणाचंतरी उघडं घर, आणि त्याचं पाप सुताराच्या डोक्यावर.

तीन दिवसांत त्यांनी बावन्न दारं उतरवली. प्रत्येक दाराच्या पिना ताई फडक्यात गुंडाळून त्याच दाराच्या कडीला बांधायची. सगळ्यांत शेवटी तिचं स्वतःचं दार. त्याच्या पिना तिने खिशात टाकल्या. धाकट्याने भुवया उंचावल्या, तर म्हणाली, "माझं दार, माझा खिसा. तू नको शिकवूस." गोदामाच्या वॉचमनने दारं मोजून घेतली आणि रजिस्टरात लिहिलं, बावन्न.

दारं गेल्यावर वसाहतीची तऱ्हाच बदलली. रस्त्यावर उभं राहिलं की घरांच्या आरपार दिसायचं, पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत आणि तिथून परसात. लोक आपल्याच घरात दबक्या आवाजात बोलू लागले. शिरताना खोकून शिरू लागले, घरात कुणी नसलं तरी. चोरी एकही झाली नाही. चोराला फोडायला काही उरलंच नव्हतं. पण झोप कुणाला लागेना. पाठ चौकटीकडे केली की मानेवर गार लागायचं. सेक्रेटरीच्या बायकोने चौकटीला चादर लावली, आणि ती चादर वारा नसताना आत-बाहेर, आत-बाहेर होते, म्हणून दुसऱ्या दिवशी काढून टाकली.

गुरुवारी साडेतीनला सगळी वसाहत मैदानात निघाली. कुणी चटया घेतल्या, कुणी बिस्किटं. धाकटा आणि त्याची बायको ताईला बोलवायला गेले, तर ती उंबऱ्यावर बसली होती, लंगडा पाय पुढे ताणून, दगडावर घासून पटाशीला धार लावत.

"चल ना ताई," धाकटा म्हणाला.

"मी नाही येत. मला मान वर करता येत नाही, आणि वर काही दिसणारही नाही असं मास्तरच म्हणतात. बावन्न घरं सताड उघडी टाकून सगळे निघालात. कुणीतरी राखायला नको?"

"सेक्रेटरी बघेल ते."

"सेक्रेटरी पहिला पळालाय. जा तू. आणि हिला उन्हात बसवू नकोस." मग त्याच्या बायकोला म्हणाली, "चारचा चहा मी आल्यावर घेईन गं, तुझ्याच हातचा."

धाकट्याने आणखी आग्रह करायला हवा होता. केला नाही. उभ्या आयुष्यात तिच्याशी वाद घालून तो एकदाही जिंकला नव्हता, आणि मैदानात सावलीची जागा भरत चालली होती. तो गेला.

मैदान घरांच्या रांगांच्या मागेच होतं. पटाशी घासल्याचा आवाज तिथवर येत होता, घस्स, घस्स. सव्वाचारला मैदान चिडीचूप झालं. दिवसाढवळ्या दिसण्यासारखं काही नव्हतं, तरी झाडून सगळ्यांनी माना वर केल्या. निळंभोर आभाळ, एक घार, बाकी काही नाही. चार-सतरा झाले. जमीन हलली नाही, भांडं वाजलं नाही. फक्त एक झालं, आणि ते सगळ्यांना एकदम झालं. घरातला फ्रिज दिवसभर घरघरत असतो, ते कानाला कळत नाही. तो थांबला की मगच कळतं. तसं काहीतरी थांबलं. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. काय थांबलं, ते कुणालाच सांगता येईना.

इथून पुढे या गोष्टीतली माणसं ताईचं नाव घेणार नाहीत. ती वाईट माणसं नाहीत. त्यांना ती आठवत नाही, एवढंच. त्या दिवशी मैदानात जे कोणी होते, त्यांच्यापैकी कुणालाही नाही, तिने वाढवलेल्या भावालाही नाही. मला आठवते, कारण मी मैदानात नव्हतो.

चार-पंचवीसला लोकांना कंठ फुटला. डोंगर पोखरून उंदीर निघाला म्हणाले. एवढ्यासाठी केस कापले, म्हणाले. कुणी टीव्हीवाल्यांना शिव्या दिल्या, कुणी मास्तरांना, आणि मास्तर संत्रं सोलून खात बसले. सगळे हसत-खिदळत परतले. घरं जशीच्या तशी होती. चमचासुद्धा इकडचा तिकडे झाला नव्हता, कुणी डोळ्यांत तेल घालून राखल्यासारखी. सेक्रेटरीने त्याचं श्रेय घेतलं.

धाकटा आणि त्याची बायको बत्तीसात शिरली. शेजारी तीस नंबर होतं. तीसची भिंत सरळ येऊन बत्तीसला लागत होती, आणि ते कुणालाही खटकलं नाही. बायकोने चहा केला, तीन कप ओतले, तिसऱ्याकडे जरा वेळ बघितलं आणि तो पुन्हा भांड्यात ओतला.

शुक्रवारी धाकटा उठला तेव्हा दहा वाजून गेले होते. असं आयुष्यात कधी झालं नव्हतं. रोज आपल्याला जाग कशी यायची, याचा तो अंथरुणात बसून विचार करत राहिला. बायको म्हणाली, दमला असशील. तिचंही काहीतरी बिनसलं होतं. दुपारी चार वाजता ती चहाचा कप घेऊन घराबाहेर गेली, तीस आणि बत्तीसच्या मधल्या भिंतीसमोर उभी राहिली, आणि चहा गार झाल्यावर परत आली. धाकट्याने विचारलं, कुठे गेली होतीस? तिने कप धुवायला घेतला.

दारं परत बसवायला त्याने वॉचमनला मदतीला घेतलं. पहिल्याच दाराला सगळं घोडं अडलं. वॉचमन म्हणाला, मी दार धरतो, तू पिना ठोक, सुतार तू आहेस. रास्त बोलणं होतं. धाकट्याने मोगरी उचलली, आणि त्याच्या लक्षात आलं की त्याला पिन ठोकता येत नाही. मोगरी तिरकी पडत होती. अंगठा दोनदा चेचला. एक्कावन्न वर्षांचा सुतार, आणि हात शिकाऊ माणसासारखा. उलट दाराच्या काठाला हात लागला की खांदे आपोआप बरोबर जागी जायचे, पाय आपोआप फाकायचे, आणि तोंडातून शब्द निघायचा, "धरलंय."

"कुणाला सांगतोयस?" वॉचमनने विचारलं.

धाकटा म्हणाला, सवय आहे. पण सवय लागायला समोर कुणीतरी असावं लागतं, हे त्याला रात्रभर कुरतडत राहिलं.

शेवटी वॉचमननेच पिना ठोकल्या, आणि धाकट्याने दारं तोलली. रोज दहा-बारा. दाराच्या माथ्यावरचे आकडे बघून चौकट शोधायची. ते आकडे मागे रेललेले होते. धाकट्याने आपल्या हाताने एक आकडा लिहून पाहिला, सरळ आला. डाव्या हाताने लिहून पाहिला, गिचमीड आली. त्याने वॉचमनला विचारलं, "हे आकडे तू टाकलेस?" वॉचमनला अक्षरओळख बेताचीच होती, तो म्हणाला, चेष्टा करतोस काय.

मंगळवारी दुपारी सगळ्या चौकटी भरल्या. लोक आपापल्या दाराला कडी लावून, काढून, पुन्हा लावून बघत होते. एखाद्याला हरवलेला दात परत मिळावा तसे खूश होते. धाकटा गोदामात झाडू मारायला गेला, आणि तिथे भिंतीला टेकून एक दार उभं होतं.

माथ्यावर नंबर होता, एकतीस.

तो पळत घरांच्या रांगेत गेला. एकोणतीस, तीस, बत्तीस, तेहतीस. एकतीस नव्हतंच. त्याने प्रत्येक चौकटीवरचा आपला आकडा पुन्हा पाहिला. एक्कावन्न घरं, एक्कावन्न दारं, आणि गोदामात एक. रजिस्टरात बावन्न. तो सेक्रेटरीकडे गेला. सेक्रेटरीने यादी काढली, यादीत एक्कावन्न नावं, तीसनंतर थेट बत्तीस. बांधणाऱ्यानेच नंबर गाळला असेल, म्हणाला. वॉचमनची मोजताना चूक झाली असेल, आणि दार जुनंच कुठलंतरी गोदामात पडून असेल.

"आणि त्याच्यावर नंबर कुणी टाकला?" धाकट्याने विचारलं.

"तूच. आणखी कोण आहे इथे सुतार?"

सेक्रेटरीने दारासाठी एक उत्तम कल्पनाही काढली. करवतीने मधोमध कापून त्याचा सूचनाफलक करायचा, म्हणजे पुढच्या वेळी सूचना ठळक लावता येतील. आज संध्याकाळी कापून टाक, म्हणाला.

धाकटा गोदामात परत आला आणि दारासमोर बसला. चांगलं दार होतं. सुताराला कळतं, हे सुताराने स्वतःसाठी केलेलं दार आहे. कडी डाव्या हाताला सोयीची बसवलेली. खालच्या बाजूला, जमिनीपासून वीतभर उंचीवर, लाकूड झिजून गुळगुळीत झालेलं, रोज कुणीतरी एकाच पायाने दार लोटल्यासारखं. आणि बाकी सगळ्या दारांच्या कड्यांना पिना बांधलेल्या होत्या, याच्या कडीला काही नव्हतं. त्याने गोदाम पालथं घातलं, पिना नव्हत्या. ज्याचं दार, त्याच्याच खिशात राहिल्या असणार, असं त्याच्या मनात आलं, आणि ते कुठून आलं त्याला कळेना.

उरलेलं दार म्हणजे कुणाचंतरी उघडं घर. बापाचं बोलणं आठवलं. बाप आठवत होता, बापाचा हात आठवत होता, त्या हाताने हत्यार पुढे केलेलं आठवत होतं. पण ते त्याच्यापुढे केलेलं नव्हतं. त्याच्या बाजूला केलेलं होतं. बाजूला कोण उभं होतं, तिथे नुसती भिंत.

संध्याकाळी मास्तर गोदामावरून चालले होते. त्यांनी हाक मारली, "काय रे धाकट्या, दिवा नाही लावलास?"

धाकट्याने वर पाहिलं. "मास्तर, मला धाकटा का म्हणतात?"

"का म्हणजे? लहानपणापासून म्हणतात."

"कुणापेक्षा धाकटा?"

मास्तरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग एकाएकी ते म्हणाले, "दाणा कुठे गेला, मी शोधला होता रे. सगळं गवत शोधलं." आणि ते भराभर घरी निघून गेले. त्या रात्री मास्तरांनी दाराला कडी लावली नाही, असं शेजारचे सांगतात.

धाकट्याने दार कापलं नाही.

बुधवारी सकाळी त्याने वॉचमनच्या मदतीने ते हातगाडीवर घातलं आणि तीस-बत्तीसच्या मधल्या भिंतीपाशी आणलं. दोन घरांच्या मधे कोरी भिंत होती, नेमकी एका दाराएवढी. त्याने वॉचमनकडून भिंतीला लाकडाची एक उभी पट्टी ठोकून घेतली, तिच्यावर बिजागऱ्यांच्या जोडीच्या पात्या बसवून घेतल्या. लोक जमले. भिंतीला दार लावतोय, म्हणाले, धोंड्याने डोक्यावर परिणाम झाला. सेक्रेटरी म्हणाला, वसाहतीची भिंत आहे, परवानगी कुठाय? बायको उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

धाकट्याने दार उचललं. दार जड होतं, पण दाराचं वजन त्याच्या खांद्याला माहीत होतं. त्याने ते पात्यांमधे आणलं, पाय फाकवले, तोलून धरलं. बिजागऱ्या एकमेकींत बसल्या. वॉचमन खिसे चाचपत म्हणाला, पिना कुठायत? पिनांशिवाय कसं राहील? ठेव खाली.

"धरलंय," धाकटा म्हणाला. हे तो वॉचमनला म्हणाला नाही.

काही झालं नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. त्याच्या मानेवरून घाम ओघळू लागला, दंड थरथरायला लागले. जमलेले लोक आधी हसत होते, मग हसेनासे झाले. एकाने पुढे होऊन दाराला हात लावायचा प्रयत्न केला, तर धाकटा त्याच्यावर असा खेकसला, की तो चार पावलं मागे गेला. त्याला फक्त एवढंच कळत होतं, की पूर्वी एकदा आपण आधीच सोडलं होतं, आणि कुणालातरी फार लागलं होतं. कुणाला, ते कळत नव्हतं. पण त्या लागण्याची लाज अजून ताजी होती. लाज खरी, मग माणूसही खरा. त्याला रडू फुटलं. दोन्ही हात दाराला होते, त्यामुळे डोळे पुसता आले नाहीत, आणि त्याने ते पुसायची पर्वाही केली नाही. तो सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाला, "मी तुला न्यायला हवं होतं. मी सावलीची जागा धरायला गेलो. मला तुझं नाव येत नाही, पण मी धरलंय."

मग भिंतीतून आवाज आला.

सगळ्यांनी ऐकला. दोन हलके, एक जोरात. धाकट्याच्या हातातलं दार वरच्या बाजूला एकदम घट्ट झालं. त्याने मान वर केली. वरच्या बिजागरीत पिन होती, जुनी, तेल लावलेली, वर्षानुवर्षं ठोकून टोक चकचकीत झालेली. थोड्या वेळाने खाली पुन्हा तसंच, दोन हलके, एक जोरात. खालचीही बसली. दारामागून, जिथे विटांशिवाय काही नव्हतं, तिथून पाय ओढत चालल्याचा आवाज दाराजवळ आला आणि थांबला.

लोक पांगले. घराघरांतून कड्या लागल्याचे आवाज आले, बत्तीस सोडून पन्नास कड्या, एकामागून एक. सेक्रेटरी घरी जाऊन यादी काढून बसला आणि तीस व बत्तीसच्या मधे एक ओळ मोकळी सोडली. बायकोने चहा केला, तीन कप ओतले, आणि तिसरा कप आणून या दाराच्या उंबऱ्यावर ठेवला. उंबरा नव्हता, नुसती जमीन होती, तरी तिने तो उंबऱ्यावर ठेवतात तसाच ठेवला.

वॉचमन तेवढा थांबला होता. तो हळूच म्हणाला, "बसलं की रे दार. दोन्ही पिना बसल्या. आता हात काढ."

धाकट्याने मान हलवली. दाराच्या काठावरची त्याची बोटं पांढरीफटक पडली होती. त्याने कान लाकडाला लावलेला होता आणि तो ऐकत होता.

"सोड," असं अजून कुणी म्हटलेलं नाही.